स्क्रीन रिकामी, एरर कुठेच नाही: डब्ल्यूपीएफमधलं डेटा बाइंडिंग अडलं की काय तपासायचं

प्रोग्रॅम बिनबोभाट बिल्ड होतो. विंडो उघडते, लेबलं, टेक्स्टबॉक्स, बटणं सगळं जागच्या जागी दिसतं, आणि जिथे आकडा यायला हवा तिथे काहीच नसतं. एरर नाही, लाल रेघ नाही. डब्ल्यूपीएफ, म्हणजे विंडोजवरचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट, नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडकतो, कारण बाकीचं प्रोग्रॅमिंग शिकताना ‘चुकलं की मशीन ओरडतं’ अशी आपल्याला सवय लागलेली असते.

माझ्या पहिल्या डब्ल्यूपीएफ प्रोजेक्टमध्ये ऑर्डर भरायचा एक फॉर्म होता. नग आणि दर टाकले की खाली ‘एकूण’ बदलायला हवं होतं. फॉर्म उघडताना आकडा बरोबर यायचा, नंतर नग कितीही बदला, तो तिथेच. दोन दिवस मी गुणाकाराचा कोड तपासत होतो आणि तो पहिल्यापासून बरोबर होता. झालं होतं असं की प्रॉपर्टीचं नाव मी ‘बेरीज’वरून ‘एकूण’ केलं होतं, पण ‘बदल झाला’ ही सूचना अजून ‘बेरीज’ याच नावाने जात होती, कारण ते नाव कोडमध्ये अवतरणचिन्हांत साधा मजकूर म्हणून लिहिलेलं होतं. कंपायलरला त्यात गैर काही दिसलं नाही आणि चालू प्रोग्रॅमनेही काही सांगितलं नाही. ते दोन दिवस तुमचे जाऊ नयेत म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. आजही मी याच क्रमाने जातो.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, ती तुमच्या फाइलमध्ये ओळखायला अडचण येणार नाही.

सुरुवातीला एवढंच लक्षात घ्या

डब्ल्यूपीएफ २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलं, आणि तेव्हापासून बाइंडिंगचा, म्हणजे स्क्रीनवरचा कंट्रोल आणि तुमचा डेटा यांना जोडण्याचा, पाया तोच आहे. एका टोकाला टार्गेट असतं, म्हणजे कंट्रोलची प्रॉपर्टी, उदाहरणार्थ टेक्स्टब्लॉकची ‘टेक्स्ट’. दुसऱ्या टोकाला सोर्स, म्हणजे तुमचा ऑब्जेक्ट. त्या ऑब्जेक्टमधलं नेमकं काय हवं ते सांगणारा पाथ असतो, आणि गरज पडली तर मध्ये किंमतीचं रूप बदलून देणारा एक कन्व्हर्टर. नेहमीच्या बाइंडिंगमधला पाथ हा मजकूर असतो आणि तो प्रोग्रॅम चालू असताना शोधला जातो. म्हणून बिल्ड पास झालं याचा अर्थ पाथ बरोबर आहे असा होत नाही. पाथ सापडला नाही तर डब्ल्यूपीएफ एक्सेप्शनही फेकत नाही. एक मेसेज आउटपुट विंडोत टाकतं आणि पुढे जातं.

लागणारी साधनं

- व्हिज्युअल स्टुडिओ. मोफत कम्युनिटी आवृत्ती पुरते.
- त्यातली आउटपुट विंडो, आणि ‘झॅमल बाइंडिंग फेल्युअर्स’ नावाची विंडो (झॅमल म्हणजे स्क्रीनची मांडणी ज्या भाषेत लिहितात ती). ही दुसरी व्हिज्युअल स्टुडिओ २०१९च्या नंतरच्या अपडेट्समध्ये आली. तीत तेच मेसेज तक्त्यात दिसतात.
- लाइव्ह व्हिज्युअल ट्री, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५पासून उपलब्ध. स्क्रीनवरच्या, एकात एक बसलेल्या कंट्रोल्सचं झाड ते दाखवतं.
- स्नूप हे मोफत, ओपन सोर्स साधन. चालू असलेल्या डब्ल्यूपीएफ प्रोग्रॅमला ते बाहेरून जोडता येतं आणि कोणत्या कंट्रोलच्या कोणत्या प्रॉपर्टीत आत्ता काय आहे ते दिसतं.
- स्वतः लिहिलेला एक रिकामा कन्व्हर्टर: जे आत येईल तेच बाहेर देणारा. तो कशाला, ते पुढे येईल.

१. डीबगर जोडून चालवा आणि आउटपुट विंडो उघडी ठेवा

एफ५ने चालवा, कंट्रोल एफ५ने नको. डीबगर जोडलेला नसेल तर बाइंडिंगचे मेसेज कुठेच जात नाहीत. बरेच नवशिके ‘आउटपुटमध्ये काहीच नाही’ म्हणतात तेव्हा कारण हेच निघतं.

एफ५ने चालवूनही काही दिसत नसेल तर टूल्स, ऑप्शन्स, डीबगिंग, आउटपुट विंडो या मार्गाने जा. तिथे डब्ल्यूपीएफ ट्रेस सेटिंग्जमध्ये ‘डेटा बाइंडिंग’समोर ‘एरर’ किंवा ‘वॉर्निंग’ निवडलेलं आहे ना ते बघा. आधी कुणी ते बंद करून ठेवलेलं असू शकतं.

आता मेसेज वाचू. सगळ्यात जास्त भेटतो तो ४० क्रमांकाचा. तो साधारण असा असतो:

सिस्टिम.विंडोज.डेटा एरर: ४० : बाइंडिंगएक्स्प्रेशन पाथ एरर: ‘एकुण’ प्रॉपर्टी नॉट फाउंड ऑन ऑब्जेक्ट ‘ऑर्डरव्ह्यूमॉडेल’. बाइंडिंगएक्स्प्रेशन: पाथ=एकुण; डेटाआयटम=‘ऑर्डरव्ह्यूमॉडेल’; टार्गेट एलिमेंट इज ‘टेक्स्टब्लॉक’ (नेम=‘’); टार्गेट प्रॉपर्टी इज ‘टेक्स्ट’ (टाइप ‘स्ट्रिंग’)

एवढी लांबलचक ओळ बघून ती सोडून देऊ नका. शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत या. टेक्स्टब्लॉकच्या ‘टेक्स्ट’ला काहीतरी हवं होतं. त्यासाठी डब्ल्यूपीएफ ‘ऑर्डरव्ह्यूमॉडेल’ या ऑब्जेक्टकडे गेलं (स्क्रीनला डेटा पुरवणाऱ्या अशा ऑब्जेक्टला व्ह्यूमॉडेल म्हणतात). तिथे ‘एकुण’ नावाचं काही मिळालं नाही. इथे ऑब्जेक्ट बरोबर आहे, नाव चुकलंय: ‘एकूण’मधला ऊकार ऱ्हस्व झालाय. इंग्रजी लिपीत हेच एखाद्या अक्षराच्या फरकाने किंवा लहान-मोठ्या लिपीच्या फरकाने होतं.

पण ऑब्जेक्टच्या जागी अनपेक्षित नाव असेल, समजा ‘स्ट्रिंग’ किंवा यादीतल्या एका ओळीचा क्लास, तर पाथला हात लावू नका. पाथ बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. डब्ल्यूपीएफ चुकीच्या दारात उभं आहे एवढंच. मेसेजमधलं ऑब्जेक्टचं नाव हा त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे. मी आधी तोच वाचतो.

२. मेसेज आला की नाही, यावर पुढची वाट ठरते

या लेखातली एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. ‘आउटपुटमध्ये काही नाही’ हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती शोधाची जागा बरीच लहान करते.

मेसेज आला असेल तर पाथ, सोर्स किंवा रूपांतर यांपैकी काहीतरी चुकलंय. क्रमांक बघा. ४० म्हणजे पाथ सापडला नाही. ४ म्हणजे रिलेटिव्हसोर्स (झाडातल्या सापेक्ष जागेने शोधणं) किंवा एलिमेंटनेम (कंट्रोलच्या नावाने शोधणं) वापरून जो सोर्स मागितला तोच मिळाला नाही. २ म्हणजे टार्गेट कंट्रोल्सच्या झाडाच्या बाहेर आहे. ५ म्हणजे किंमत मिळाली, पण टार्गेटला ती चालत नाही. ८ म्हणजे किंमत सोर्समध्ये परत लिहिताना अडलं. तुमच्या सेटरने एक्सेप्शन फेकलं असेल तर ते बाइंडिंगने गिळलेलं असतं आणि त्याचा माग इथेच सापडतो.

मेसेज आलाच नाही आणि स्क्रीनही रिकामी किंवा शिळी आहे, तर संशयित तीन. एक, डेटाकॉन्टेक्स्टच, म्हणजे वेगळा सोर्स दिला नसेल तर बाइंडिंग ज्या ऑब्जेक्टमध्ये शोधतं तो, नल आहे: अशा वेळी डब्ल्यूपीएफ एरर देत नाही, कारण ‘डेटा अजून यायचाय’ ही त्याच्या दृष्टीने नेहमीची अवस्था आहे. दोन, किंमत बदलली पण सूचना गेली नाही. तीन, बाइंडिंग होतं, पण कोडमधून कुणीतरी ते पुसून टाकलं. पायरी ३, ५ आणि ६ याच तिघांसाठी आहेत.

३. डेटाकॉन्टेक्स्ट: घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं

डेटाकॉन्टेक्स्ट विंडोला दिला की तो खाली प्रत्येक कंट्रोलपर्यंत वारशाने उतरतो. ही सोय आहे आणि सगळा गोंधळही इथूनच होतो, कारण वाटेत कुणी तो बदलला तर त्याच्या खालच्या सगळ्यांचा बदलतो.

आधी खात्री करून घ्या. प्रोग्रॅम चालू असताना लाइव्ह व्हिज्युअल ट्रीत किंवा स्नूपमध्ये तो रिकामा टेक्स्टब्लॉक निवडा आणि त्याचा डेटाकॉन्टेक्स्ट काय दिसतो ते बघा. साधन हाताशी नसेल तर त्याच्या शेजारी तात्पुरता एक टेक्स्टब्लॉक टाका आणि त्याच्या ‘टेक्स्ट’ला पाथशिवाय नुसतं ‘बाइंडिंग’ लिहा. स्क्रीनवर तुमच्या क्लासचं पूर्ण नाव उमटलं तर ऑब्जेक्ट पोहोचलाय. काहीच उमटलं नाही तर तो नल आहे, आणि पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

नल निघाला तर कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाकॉन्टेक्स्टला व्ह्यूमॉडेल देणारी ओळ खरंच आहे का, आणि ती चालते का, ते बघा. ती ओळ इनिशियलाइझकॉम्पोनन्टच्या आधी असो वा नंतर, बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण डेटाकॉन्टेक्स्ट बदलला की बाइंडिंग पुन्हा शोध घेतं. फरक पडतो तो दुसऱ्या एका गोष्टीने. काही जण डेटाकॉन्टेक्स्ट म्हणून विंडो स्वतःच देतात, बाइंडिंग विंडोच्याच एखाद्या साध्या प्रॉपर्टीशी करतात, आणि त्या प्रॉपर्टीत किंमत भरतात मात्र नंतर. बाइंडिंगने नल वाचून झालेला असतो, पुढे सूचना जात नाही, आणि स्क्रीन रिकामी राहते.

दोन सापळे इतके सर्रास आहेत की ते जवळून दाखवतो.

पहिला यादीतला. लिस्टबॉक्सच्या प्रत्येक ओळीत ‘काढून टाका’ बटण आहे आणि काढण्याची कमांड व्ह्यूमॉडेलमध्ये आहे. बटणावर ‘बाइंडिंग काढाकमांड’ लिहिलं, बटण दिसतं, दाबलं तर ढिम्म. आयटमटेम्प्लेटच्या आत डेटाकॉन्टेक्स्ट म्हणजे ती एक ओळ, समजा ‘ऑर्डरओळ’. तिच्यात कमांड नाही, आणि आउटपुटमध्ये ४० क्रमांकाचा मेसेज ‘ऑर्डरओळ’ हे नाव घेऊन उभा असतो. उपाय म्हणजे रिलेटिव्हसोर्सने वर चढून लिस्टबॉक्स गाठायचा आणि पाथ ‘डेटाकॉन्टेक्स्ट.काढाकमांड’ असा द्यायचा. पाथमधला ‘डेटाकॉन्टेक्स्ट.’ हा पहिला भाग विसरू नका. तो नसेल तर डब्ल्यूपीएफ लिस्टबॉक्स या कंट्रोलवरच ‘काढाकमांड’ शोधतं.

दुसरा यूजरकंट्रोलमधला. आपण ‘दरनिवडक’ नावाचा यूजरकंट्रोल बनवतो, त्याला ‘दर’ ही डिपेन्डन्सी प्रॉपर्टी (डब्ल्यूपीएफकडे नोंदवलेली, बाइंडिंगचं टार्गेट होऊ शकणारी प्रॉपर्टी) देतो, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये सोय म्हणून ‘डेटाकॉन्टेक्स्ट बरोबर धिस’ असं लिहितो. कंट्रोल एकटा नीट चालतो. मग तो मुख्य विंडोत वापरताना ‘दर’ला ‘बाइंडिंग निवडलेलादर’ देतो आणि तिथे काहीच येत नाही. कारण त्या ओळीने कंट्रोलचा वारसाच तोडलाय. ‘निवडलेलादर’ आता विंडोच्या व्ह्यूमॉडेलमध्ये न शोधता दरनिवडकमध्येच शोधला जातो. यूजरकंट्रोलचा स्वतःचा डेटाकॉन्टेक्स्ट कधीही बदलू नका. आतल्या पहिल्या ग्रिडला हवा तर द्या, किंवा आतली बाइंडिंगं एलिमेंटनेम वापरून लिहा. अनेक ठिकाणी शिकवताना ती ‘धिस’वाली ओळ दाखवली जाते. छोट्या नमुन्यात ती निभावून जाते, म्हणूनच ती जास्त घातक आहे असं माझं मत आहे.

डिपेन्डन्सी प्रॉपर्टीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तिच्या भोवती आपण गेट-सेट लिहितो, पण बाइंडिंग त्या सेटरमधून जातच नाही, ते थेट आतली किंमत बदलतं. सेटरमध्ये ब्रेकपॉइंट लावून ‘इथे येतच नाही’ म्हणत बसू नका. बदल झाल्यावर काही करायचं असेल तर नोंदणी करताना प्रॉपर्टीचेंज्ड कॉलबॅक द्या.

४. पाथच्या टोकाला खरोखर प्रॉपर्टी आहे का

ही पायरी पाच मिनिटांची आहे. बाइंडिंगला पब्लिक प्रॉपर्टी लागते. पब्लिक फील्ड चालत नाही, गेट-सेट नसलेला साधा व्हेरिएबल चालत नाही, प्रायव्हेट किंवा इंटर्नल प्रॉपर्टी चालत नाही. ‘पब्लिक स्ट्रिंग नाव’ असं लिहून पुढे गेट-सेट विसरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, आणि तिचा मेसेजही ४०च येतो. मेसेज सांगतो प्रॉपर्टी नाही, तुम्हाला मात्र डोळ्यांसमोर नाव दिसत असतं.

झॅमलच्या वरच्या भागात डिझाइन-टाइम डेटाकॉन्टेक्स्ट जाहीर करून ठेवा. मग पाथ टाइप करताना एडिटर नावं सुचवतो आणि चुकीचं नाव लिहिलं तर तिथल्या तिथे दाखवतो.

५. किंमत बदलते, स्क्रीन बदलत नाही

पहिली किंमत बरोबर दिसली याचा अर्थ सोर्स आणि पाथ दोन्ही ठीक आहेत. तिकडे पुन्हा जाऊ नका. आता प्रश्न फक्त सूचनेचा आहे.

तुमच्या क्लासने आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस घेतलेला असला पाहिजे आणि प्रत्येक सेटरमध्ये प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट उठला पाहिजे. क्लासमध्ये इव्हेंट लिहिलाय, पण क्लासच्या नावापुढे इंटरफेसच जाहीर केलेला नाही, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. कोड बिल्ड होतो, इव्हेंट उठतो, आणि ऐकायला कुणी नसतं. ही शंका असेल तर सेटरमध्ये ब्रेकपॉइंट लावा आणि इव्हेंट नल आहे का ते बघा. नल असेल तर कुणीही त्याच्याशी जोडलेलं नाही: एकतर इंटरफेस राहिलाय, नाहीतर स्क्रीनकडे तुमच्या ऑब्जेक्टऐवजी दुसराच ऑब्जेक्ट आहे. दुसरी शक्यता हलकी घेऊ नका. झॅमलमध्ये एक व्ह्यूमॉडेल तयार होतो, कोडमध्ये आपण ‘न्यू’ लिहून दुसरा करतो आणि त्यात किंमती भरत राहतो. मेसेजमध्ये ऑब्जेक्टबरोबर हॅशकोड छापलेला असतो, तो अशा वेळी कामाला येतो.

नाव अवतरणचिन्हांत लिहू नका. सी शार्प ५पासून कॉलरमेंबरनेम आहे, सी शार्प ६पासून नेमऑफ आहे. माझा ‘बेरीज’चा घोळ नेमऑफ वापरला असता तर झालाच नसता, कारण नाव बदलताना व्हिज्युअल स्टुडिओने तेही बदललं असतं.

हिशोबाने निघणाऱ्या प्रॉपर्टीकडे खास लक्ष द्या. ‘एकूण’ला सेटर नाही, तो नग गुणिले दर एवढंच परत देतो. मग त्याची सूचना कोण देणार? नग आणि दर या दोघांच्या सेटरने स्वतःच्या नावाबरोबर ‘एकूण’च्या नावानेही सूचना द्यायला हवी. एखाद्या दिवशी सवलत आली की तिच्या सेटरमध्येही ती ओळ लागते, आणि नेमकी तीच राहते. पुष्कळ प्रॉपर्टी एकदम बदलल्या असतील तर नावाच्या जागी रिकामी स्ट्रिंग पाठवा. त्याचा अर्थ ‘सगळं पुन्हा वाचा’ असा होतो.

कम्युनिटी टूलकिटमधलं ऑब्झर्व्हेबलप्रॉपर्टी वापरत असाल तर सेटर तयार मिळतो, पण आपल्याच क्लासमध्ये चुकून लहान अक्षराच्या फील्डमध्ये किंमत टाकली तर सूचना जात नाही. किंमत नेहमी प्रॉपर्टीत टाका.

इंटरफेस नसलेल्या साध्या ऑब्जेक्टशी बाइंडिंग केलं तर किंमत एकदा दिसते, पण मेमरीचा धोका राहतो: डब्ल्यूपीएफ अशा ऑब्जेक्टवर वेगळ्या मार्गाने नजर ठेवतं आणि तो ऑब्जेक्ट मेमरीत अडकून पडू शकतो. बदलणारच नसलेल्या किमतीला मोड ‘वनटाइम’ द्या.

६. दिशा, वेळ आणि पुसलं गेलेलं बाइंडिंग

टेक्स्टबॉक्समध्ये लिहिलं, लगेच ‘सेव्ह’चा शॉर्टकट दाबला, आणि जुनीच किंमत सेव्ह झाली? टेक्स्टबॉक्सची ‘टेक्स्ट’ प्रॉपर्टी सोर्सकडे किंमत पाठवते ती फोकस निघून गेल्यावर. बाकीच्या बहुतेक प्रॉपर्टी लगेच पाठवतात. शॉर्टकटने फोकस हलत नाही, म्हणून हे होतं. अपडेटसोर्सट्रिगर ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ करा. पण आकड्यांच्या टेक्स्टबॉक्सला सरसकट तसं करू नका: डॉटनेट ४.५पासून डबल प्रकाराच्या प्रॉपर्टीवर असं केलं की दशांशचिन्ह टाइपच होत नाही. ‘१२.’ लिहिताक्षणी ते १२ होऊन परत येतं.

आकडी टेक्स्टबॉक्स पूर्ण रिकामा केला की लाल चौकट येते आणि सोर्समध्ये जुना आकडा तसाच राहतो, कारण रिकाम्या मजकुराचा आकडा होत नाही. प्रॉपर्टी नलेबल करा आणि टार्गेटनलव्हॅल्यू म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या.

फक्त वाचता येणाऱ्या प्रॉपर्टीला दुहेरी बाइंडिंग दिलं तर मात्र प्रोग्रॅम खरंच एक्सेप्शन फेकतो. टेक्स्टबॉक्सचं ठाऊक असतं, पण टेक्स्टब्लॉकच्या आत वापरतो त्या ‘रन’ची ‘टेक्स्ट’ही मुळात दुहेरी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे ‘एकूण’ दाखवायचा असेल तर मोड ‘वनवे’ लिहावाच लागतो.

आता तिसरा संशयित. झॅमलमध्ये टेक्स्टब्लॉकला बाइंडिंग आहे, आणि कोड-बिहाइंडमध्ये (झॅमलच्या जोडीच्या कोड फाइलमध्ये) कुठेतरी त्याच टेक्स्टब्लॉकच्या ‘टेक्स्ट’मध्ये थेट ‘थांबा, माहिती येते आहे’ असं टाकलंय. त्या क्षणी एकेरी बाइंडिंग पुसलं जातं, कायमचं. माहिती आली, सूचना गेली, तरी ‘थांबा’ हलत नाही. कंट्रोलला झॅमलमध्ये नाव दिलेलं असेल तर त्या नावाचा कोडमध्ये शोध घ्या, दोन मिनिटांत सापडतं. कोडमधून किंमत द्यायचीच असेल तर सेटकरंटव्हॅल्यू वापरा, त्याने बाइंडिंग शाबूत राहतं.

याच जातीचा आणखी एक प्रकार: स्टाइलमधला डेटाट्रिगर चालत नाही. बघितलं तर तोच रंग कंट्रोलवर थेट लिहिलेला असतो. थेट लिहिलेली किंमत ट्रिगरला भारी पडते. मूळ रंग स्टाइलमध्ये सेटर म्हणून हलवा.

७. याद्या

साध्या लिस्टमध्ये ओळ वाढवली तर स्क्रीनला कळत नाही, ऑब्झर्व्हेबलकलेक्शन लागतं. एवढं सगळे सांगतात. सांगायचं राहतं ते असं: ऑब्झर्व्हेबलकलेक्शन ओळी वाढल्या, कमी झाल्या, जागा बदलली एवढंच कळवतं. ओळीच्या आतला नग बदलला तर ते ओळीच्या क्लासनेच कळवायचं. आणि अख्खी यादीच नवी केली, म्हणजे प्रॉपर्टीत नवं कलेक्शन टाकलं, तर त्या प्रॉपर्टीची सूचना वेगळी द्यावी लागते. मी यादी एकदाच तयार करतो, तिला सेटर ठेवत नाही, आणि नंतर फक्त रिकामी करून भरतो.

दुसऱ्या थ्रेडवरून यादीत ओळ टाकली तर नॉटसपोर्टेडएक्सेप्शन येतं. साध्या प्रॉपर्टीची सूचना डब्ल्यूपीएफ आपण होऊन यूआय थ्रेडवर नेतं, यादीचं तसं नाही. डिस्पॅचरमार्फत यूआय थ्रेडवर जाऊन ओळ टाका, किंवा डॉटनेट ४.५पासून असलेलं एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन वापरा.

कॉम्बोबॉक्समध्ये पर्याय दिसतात, पण आधीची निवड रिकामी? सिलेक्टेडआयटममधला ऑब्जेक्ट यादीतलाच असावा लागतो. डेटाबेसमधून वेगळा वाचलेला, आतून सारखाच दिसणारा ऑब्जेक्ट चालत नाही, तुम्ही इक्वल्स लिहिलेलं नसेल तर. सिलेक्टेडव्हॅल्यू वापरत असाल तर प्रकार जुळतोय का बघा.

८. झाडाच्या बाहेरची मंडळी

डेटाग्रिडचा कॉलम हा दिसणाऱ्या झाडाचा भाग नाही, त्यामुळे कॉलमच्या व्हिजिबिलिटीला बाइंडिंग दिलं की २ क्रमांकाचा मेसेज येतो. फ्रीझेबल क्लासपासून एक छोटा प्रॉक्सी बनवा, तो डेटाग्रिडच्या रिसोर्सेसमध्ये ठेवा, डेटाकॉन्टेक्स्ट त्याच्यात साठवा आणि कॉलममधून त्याला स्टॅटिकरिसोर्स म्हणून गाठा.

कॉन्टेक्स्टमेन्यू वेगळ्याच खिडकीत उघडतो. त्याच्या आतून एलिमेंटनेम किंवा पूर्वज शोधणं जमत नाही. प्लेसमेंटटार्गेटमार्फत, म्हणजे मेन्यू ज्या कंट्रोलवर उघडला त्याच्यामार्फत, जा.

९. किंमत येते, पण भलत्या रूपात

स्ट्रिंगफॉरमॅट लिहूनही लेबल किंवा बटणावर परिणाम नाही? स्ट्रिंगफॉरमॅट फक्त टार्गेटचा प्रकार स्ट्रिंग असेल तरच लागू होतो, आणि कॉन्टेन्टचा प्रकार ऑब्जेक्ट आहे. कॉन्टेन्टस्ट्रिंगफॉरमॅट वापरा.

तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येत असेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये शोधू नका. बाइंडिंग एलिमेंटची ‘लँग्वेज’ प्रॉपर्टी बघतं आणि तिची मूळ किंमत अमेरिकन इंग्रजी आहे. प्रोग्रॅम सुरू होतानाच फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेजचा मेटाडेटा बदलून तिथे चालू कल्चर द्या.

कन्व्हर्टरमधून एक्सेप्शन सुटलं तर बाइंडिंग ते सांभाळत नाही, प्रोग्रॅम कोसळतो. नल आणि अनपेक्षित प्रकार आत येणार हे धरूनच लिहा, आणि किंमत देता येत नसेल तर अनसेटव्हॅल्यू परत करा.

१०. एवढं करूनही उलगडलं नाही तर

त्या एका बाइंडिंगमध्ये तो रिकामा कन्व्हर्टर लावा आणि त्यात ब्रेकपॉइंट ठेवा. ब्रेकपॉइंट लागलाच नाही तर किंमत सोर्समधून निघालीच नाही. लागला, आणि किंमत बरोबर असेल, तर गडबड टार्गेटच्या बाजूला आहे. एका फटक्यात अर्धा शोध संपतो.

मग त्या बाइंडिंगवर प्रेझेन्टेशनट्रेससोर्सेसची ट्रेसलेव्हल ‘हाय’ करा. त्यासाठी झॅमलच्या वरती विंडोजबेस असेंब्लीतली सिस्टिम.डायग्नॉस्टिक्स नेमस्पेस जोडावी लागते. आता आउटपुटमध्ये पायरीपायरीने दिसतं: मोड कोणता ठरला, अपडेट कधी होणार ते काय ठरलं, डेटाकॉन्टेक्स्ट कोणत्या एलिमेंटवर मिळाला, पाथच्या प्रत्येक टप्प्यावर काय सापडलं, कच्ची किंमत काय आली आणि शेवटी कोणती वापरली. ‘डेटाकॉन्टेक्स्ट एलिमेंट’वाली ओळ आणि ‘ट्रान्सफरव्हॅल्यू’ने सुरू होणाऱ्या ओळी आधी वाचा. काम झालं की ते काढून टाका, नाहीतर त्या गर्दीत खरे मेसेज हरवतात.

कुणाला विचारायची वेळ आली तर सोबत एवढं द्या: पूर्ण मेसेज जसाच्या तसा, झॅमलमधली ती ओळ आणि तिच्या बाहेरची दोन-तीन एलिमेंट्स, डेटाकॉन्टेक्स्ट देणारी ओळ, आणि त्या प्रॉपर्टीचे गेट-सेट. ‘बाइंडिंग चालत नाही’ एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही, आणि हे चार तुकडे एकत्र मांडताना उत्तर बहुधा तुम्हालाच दिसतं.

प्रोजेक्ट मोठा असेल तर आणखी एक काम करून ठेवा. प्रेझेन्टेशनट्रेससोर्सेसवर आधी रिफ्रेश बोलवा, मग डेटाबाइंडिंगसोर्सच्या लिसनर्समध्ये स्वतःचा ट्रेसलिसनर जोडा आणि स्विचची लेव्हल ‘एरर’ ठेवा. रिफ्रेशमुळे डीबगर नसतानाही मेसेज मिळतात. डीबग बिल्डमध्ये या लिसनरने मेसेज आला की एक्सेप्शन फेकायचं. चुकीचा पाथ लिहिला की ती स्क्रीन उघडताच प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि चूक ज्याने केली त्यालाच, त्याच दिवशी दिसते. आमच्या टीमने हे सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी जुन्या स्क्रीन्समधली कितीतरी तुटलेली बाइंडिंगं वर आली. त्यांतली काही महिनोन् महिने तशीच होती. पहिला आठवडा त्या दुरुस्त करण्यात जाईल असं धरूनच हे चालू करा.